व्हिजिटच्या दिवशी खालची गॅलरी

कंपनीच्या नव्या मोठ्या साहेबांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या बुटांच्या नंबरांवरून. मुंबईहून पाच जण येणार होते. आमच्या प्लांटमध्ये सेफ्टी शूज घातल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, म्हणून एचआरने आधीच सगळ्यांचे नंबर मागवले होते. एमडी साहेबांचा नऊ, ऑपरेशन्सच्या साहेबांचा दहा. माणसं कशी आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि व्हिजिटच्या सकाळी गेटवरच पंचाईत झाली. फायनान्सच्या साहेबांसाठी आठ नंबरचे बूट पुसून ठेवले होते आणि गाडीतून उतरल्या एक बाई. आधीचे साहेब कंपनी सोडून गेले होते, त्यांच्या जागी या अय्यर मॅडम आल्या होत्या, आणि आम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. त्यांच्या पायात नाजूक पट्ट्यांच्या सँडल होत्या.

आमचे प्लांट हेड जगताप साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, आजच्या दिवस चालवून घ्या ना."

मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच प्लांटला कुलूप लावायला निघाले आहे. बाकीच्या चौघांना घेऊन ते पुढे गेले. मी अय्यर मॅडमना घेऊन स्टोअरमध्ये बूट शोधायला गेले.

जगताप साहेब घाबरले होते आणि त्यात त्यांची चूक नव्हती. आम्ही सगळेच घाबरलो होतो. आमची कंपनी बिअर बनवते. शिरूर तालुक्यात हायवेपासून थोडा आत आमचा प्लांट आहे. कंपनी नव्या मालकाने घेतली होती, सगळी वरची माणसं बदलली होती, आणि तीन प्लांटपैकी एक बंद होणार अशी बोलवा कॅन्टीनमध्ये सुरू झाली होती. कोण म्हणालं ते सांगता येत नव्हतं, पण खरं मात्र सगळ्यांना वाटत होतं. जगताप साहेब शिरूरचेच. याच प्लांटमध्ये ट्रेनी म्हणून लागले आणि चढत चढत हेड झाले. बाजारात भाजी घ्यायला थांबले तरी लोक पोराचा बायोडाटा त्यांच्या पिशवीत टाकायचे. प्लांट बंद झाला तर या माणसाने गावात तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न खरोखरच होता.

मी सेफ्टी ऑफिसर. माहेर तळेगाव ढमढेरे. माझी आई अजूनही लोकांना सांगते की पोरगी कोल्ड्रिंकच्या कंपनीत आहे. आधी मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत होते. तिथला वायू नाकाला सांगून यायचा. डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा, माणूस आपोआप पळायचा. बिअरच्या प्लांटमध्ये आले तेव्हा सगळीकडे भिजवलेल्या धान्याचा गोडसर वास होता आणि मला वाटलं, आता निवांत. ते निवांतपण पहिल्याच महिन्यात गेलं.

त्याचं कारण सोपं आहे. बिअर बनताना यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं, आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड सोडतं. टँक तीन मजली उंच, तेव्हा गॅसही भरपूर. बराचसा आम्ही पाइपातून गोळा करतो, पण थोडाफार सुटतोच. तो दिसत नाही. हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे पाण्यासारखा खाली जाऊन साचतो. आमच्या फर्मेंटेशन हॉलच्या खाली अर्ध्या मजल्याची एक गॅलरी आहे. पंप, पाइप, व्हॉल्व्ह सगळं तिथे. गॅस साचायला तीच जागा. म्हणून तिथे जमिनीलगत मोठे एक्झॉस्ट पंखे आहेत आणि ते कधीही बंद करायचे नाहीत, असा नियम आहे. त्यांचा आवाज इतका की हॉलमध्ये ओरडून बोलावं लागतं.

दुसरा नियम टोकनचा. हॉलमध्ये शिरताना प्रत्येकाने आपलं पितळी टोकन दारावरच्या बोर्डला अडकवायचं, बाहेर येताना काढून घ्यायचं. आत किती माणसं आहेत ते बोर्डकडे बघितलं की कळतं.

स्टोअरमध्ये अय्यर मॅडमना बसतील असे बूट मिळेपर्यंत बराच वेळ गेला. त्या बाकावर बसून नाड्या बांधत होत्या आणि मी उभी होते. मध्येच त्यांनी मान वर केली आणि हिंदीत विचारलं, इथे सगळे आमच्याशी इतकं जपून का बोलतात? गेटवरच्या वॉचमनने मला तीनदा सलाम ठोकला. मी म्हणाले, नवे साहेब आले की असंच असतं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

आम्ही हॉलच्या दाराशी आलो. बोर्डवर आमच्या अधिकाऱ्यांची, पाहुण्यांची आणि कंत्राटदाराच्या सुपरवायझरची टोकनं होती, आणखी कुणाचं नव्हतं. रोज तिथे काम करणाऱ्या दोघा कंत्राटी माणसांची टोकनं नव्हती. सकाळच्या मीटिंगमध्ये जगताप साहेबांनीच सांगितलं होतं की त्यांना आज यीस्टच्या स्टोअरला पाठवलंय. बोर्डही तेच सांगत होता. आम्ही आपापली टोकनं अडकवली आणि आत गेलो.

आत जगताप साहेबांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. एकेक शब्द.

 त्या हॉलमध्ये कुणाचं बोलणं दारापर्यंत ऐकू येत नाही. पंखे बंद होते.

साहेब लोक मधल्या मोकळ्या जागेत उभे होते. जगताप साहेब टचस्क्रीनसमोर होते. हा हॉल पूर्ण ऑटोमॅटिक आहे, इथे माणूस लागत नाही, सगळं या स्क्रीनवरून चालतं, असं ते सांगत होते. ऑपरेशन्सचे साहेब म्हणाले, मघाशी दाखवलंत तो व्हॉल्व्ह परत एकदा उघडून दाखवा. जगताप साहेबांनी बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मागे खांबापाशी कंत्राटदाराचा सुपरवायझर बाळू उभा होता. त्याने हातातला पाना रेलिंगवर दोनदा आपटला. मला ते विचित्र वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता. मी गॅलरीच्या जिन्याकडे चालत होते. जिन्याच्या तोंडापासून चार हात लांब असतानाच माझ्या कमरेचा गॅस मीटर वाजायला लागला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. हॉल रिकामा करा, असंच काहीतरी असणार.

एमडी खन्ना साहेब लगेच वळले आणि दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागे बाकीचे. जगताप साहेब हसत हसत सांगत होते की ही आमची नेहमीची ड्रिल आहे. दोन मिनिटांत सगळे बाहेर असेंब्ली पॉइंटवर होतो. माझा टेक्निशियन संदीप पळत आला. मी इलेक्ट्रिशियनला पंखे चालू करायला पिटाळलं आणि मोजायला लागले. पाचही साहेब होते. आमचे अधिकारी होते. दारावरचा बोर्ड मोकळा झाला होता.

"गुड ड्रिल," ऑपरेशन्सचे साहेब म्हणाले. मुंबईहून आलेल्या एचआरच्या साहेबांनी जेवणाची चौकशी केली. त्या जेवणात कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाला साखर कमी लागते, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण बाळू गर्दीपासून दूर उभा होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो जगताप साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे हॉलच्या दाराकडे गेले आणि तिथेच थांबले. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या एका बाजूला एमडी उभे होते आणि दुसऱ्या बाजूला अय्यर मॅडम.

किती वेळ ते गप्प राहिले, मी सांगू शकत नाही. नंतर चौकशीत सगळे म्हणाले की काही सेकंदच. असतील.

मी बाळूसमोर जाऊन उभी राहिले. त्याने पँटच्या खिशात हात घातला आणि दोन पितळी टोकनं माझ्या हातावर ठेवली.

"खाली दोघं हायेत, मॅडम," तो म्हणाला. "शांताराममामा आन् रामप्रवेश."

"खाली कशाला?"

बाळूने जगताप साहेबांकडे बघितलं. मग मीही बघितलं. आणि साहेब बोलले. एकदाच आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी सांगितलं होतं. व्हॉल्व्ह हाताने फिरवायला."

तो ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह अडकला होता. नवा यायला अवकाश होता आणि व्हिजिट तर आली होती. मग त्यांनी तोड काढली. वर साहेबांनी स्क्रीनवरचं बटण दाबायचं, बाळूने रेलिंगवर पाना आपटायचा, खाली रामप्रवेशने व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा. वर माणूस दिसता कामा नये, म्हणून टोकनं बाळूच्या खिशात. भाषण ऐकू यावं म्हणून पंखे बंद. गॅलरीतल्या मीटरचा हूटर मध्येच वाजू नये म्हणून कंट्रोल रूममधल्याने तोही दाबून ठेवलेला. आणि दोघांना निक्षून सांगितलं होतं की काही झालं तरी साहेब जाईपर्यंत वर यायचं नाही. यातलं एकेक वेगळं केलं असतं तर कदाचित निभावलं असतं. प्रत्येक वेळी तो व्हॉल्व्ह उघडला की थोडा गॅस गॅलरीत सुटत होता आणि तो बाहेर काढायला पंखे नव्हते.

बाळू एकदम दाराकडे पळाला. मी त्याचा शर्ट मागून धरला तो फाटला, तरी सोडला नाही. बंद जागेतल्या गॅसमध्ये असंच होतं. एक जण पडतो. दुसरा त्याला काढायला तसाच धावतो आणि त्याच्यावर पडतो. मग तिसरा. आमच्या धंद्यात हे इतक्या वेळा झालंय की ट्रेनिंगचा पहिला धडाच हा असतो. ऑपरेशन्सचे साहेब माझ्यावर ओरडत होते की उभ्या काय राहिलात, कुणाला तरी पाठवा. एचआरचे साहेब लोकांना मोबाइल खिशात ठेवायला सांगत होते. मार्केटिंगचे साहेब खाली बसले होते, डोकं धरून.

दाराजवळ दोन बीए सेट असतात. पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क. संदीपने एक चढवला, मी दुसरा. माझा पट्टा बकलात जाईना. ड्रिलमध्ये मी हा सेट कित्येकदा घातला होता. खऱ्या गॅसमध्ये कधीच गेले नव्हते. घरी लेकीची दहावी होती आणि मला त्या क्षणी फक्त तिच्या डब्याचं आठवलं, मी सकाळी तो घाईत नीट लावला नव्हता. मला जायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण खरं आहे.

पट्टा कुणीतरी माझ्या हातातून घेऊन बकलात घातला. अय्यर मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, हवा किती वेळ पुरते? मी सांगितलं, अर्धा तास म्हणतात, पण घाबरलेला माणूस लवकर संपवतो. त्या म्हणाल्या, मी दारात घड्याळ घेऊन उभी राहते, दर दोन मिनिटांनी ओरडेन. मी म्हणाले, आणि काही झालं तरी तुम्ही आत यायचं नाही, कुणाला येऊ द्यायचं नाही. त्यांनी मान हलवली.

मास्कमध्ये आपलाच श्वास ऐकू येतो. बाकी फारसं काही नाही. पंखे पुन्हा सुरू झाले होते, तेही लांब कुठेतरी गरगरल्यासारखे वाटत होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर माझे पाय अडले. संदीप पुढे गेला म्हणून मी गेले.

दोघं जिन्यातच होते. शांताराममामा मधल्या पायरीवर बसल्यासारखे कलंडले होते. रामप्रवेश त्यांच्या खाली, डोकं तळाकडे. व्हॉल्व्हपाशी तो कोसळला असणार आणि मामांनी त्याला जिन्यापर्यंत ओढत आणला असणार. मामांच्या मुठीत त्याच्या शर्टाची कॉलर होती. त्यांना उचलायला गेलो तर ती मूठ सुटेना. बेशुद्ध माणसाची मूठ इतकी घट्ट असते हे मला माहीत नव्हतं. मला एकेक बोट उलगडावं लागलं, आणि मला वाटत होतं की मी काहीतरी पाप करते आहे.

वरून अय्यर मॅडमचं ओरडणं पुसट येत होतं. चार. मग सहा. आधी मामांना वर काढलं. मग परत खाली जाऊन रामप्रवेशला. तो हलत नव्हता. हॉलच्या बाहेर त्याला जमिनीवर ठेवला, संदीपने ऑक्सिजन लावला, आणि मी त्याच्या छातीकडे बघत राहिले. ती उचलली गेली तेव्हा मी मास्क काढून तिथेच ओकले.

मामा आधी शुद्धीवर आले. साठीला टेकलेला, वाळका, तळेगावच्या बाजूचा माणूस. त्यांनी डोळे उघडले. वर आकाश होतं आणि पाच पांढरी हेल्मेट वाकून त्यांच्याकडे बघत होती. ती हेल्मेट दिसताच मामा कोपरावर रेटा देऊन उठायला लागले. एका हाताने मळका शर्ट ओढून पोटावर घेतला.

"व्हतो बाजूला," ते म्हणाले. "साहेब गेलं न्हाईत का अजून?"

खन्ना साहेबांनी आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, ये क्या बोल रहे हैं?  एचआरचे साहेब म्हणाले, शॉकमध्ये आहेत. जगताप साहेबांनी मान खाली घातली. मग मी सांगितलं. मी म्हणाले, ते विचारतायत की तुम्ही गेलात का. तुम्हाला दिसू नये म्हणून त्यांना खाली बसवलं होतं.

खन्ना साहेब गुडघ्यावर बसले आणि मामांना खांद्याला धरून परत झोपवलं. मग बसल्या बसल्याच जगताप साहेबांकडे बघून विचारलं. आवाज चढवला नाही.

"और किस-किसको छुपाया है?"

मला वाटलं होतं, एवढंच. तसं नव्हतं. जगताप साहेब सांगायला लागले आणि माझे कान तापले, कारण त्यातलं बरंचसं मलाही माहीत नव्हतं. कॅन्टीनच्या मागच्या खोलीत हाऊसकीपिंगच्या बायका होत्या, साड्या जुन्या म्हणून. धान्याचा चोथा भरणारी माणसं शेडमध्ये होती, अंगाला वास येतो म्हणून. बॉयलरच्या मागे दोघं वेल्डर होते, त्यांचे पास संपले होते. बाळू पळत गेला आणि ती सगळी माणसं एकेक करून बाहेर आली. उन्हात डोळे किलकिले करत, काय चुकलं ते न कळून, हात जोडत. दोघांना घेऊन अॅम्ब्युलन्स शिरूरच्या दिशेने निघून गेली होती. पाच साहेब एका बाजूला आणि ही माणसं दुसऱ्या बाजूला, अशी कितीतरी वेळ उभी होती.  शेवटी एका बाईने विचारलं, पानी देऊ का साहेब?

शांताराममामा तिसऱ्या दिवशी घरी गेले. रामप्रवेशला पुण्याला हलवावं लागलं. तो बरा झाला, पण हॉलमध्ये परत पाय ठेवणार नाही म्हणाला. आता बॉटलिंगला आहे, खिडकीजवळ. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मामांना विचारलं की तुम्हाला खाली कुणी पाठवलं, तर मामा म्हणाले, कुणी न्हाई, आमचे आमीच गेलो. जगताप साहेबांनी मात्र आपला जबाब स्वतः लिहून दिला आणि त्यात काहीही झाकलं नाही. त्यांना दुसऱ्या राज्यातल्या एका डेपोवर पाठवलं. जायच्या आधी ते माझ्या केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "मॅडम, मी वाईट माणूस न्हाई हो." मी म्हणाले, मला माहीत आहे. खरंच माहीत होतं. पण ते काही सेकंद मी अजून विसरलेली नाही, आणि तेही विसरले नसतील.

पुढे काही महिन्यांनी ऑडिटला अय्यर मॅडम पुन्हा आल्या. या वेळी बूट त्यांनी स्वतःचे आणले होते. चहा घेताना मी धीर करून विचारलं की तेव्हा तीनपैकी कुठला प्लांट बंद होणार होता? त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, कुठलाच नाही. असा विषयच नव्हता. आम्ही पाच जणसुद्धा एकमेकांना नवे होतो. फक्त ओळख करून घ्यायला आलो होतो.

तेव्हापासून व्हिजिट ठरली की मी पाहुण्यांचं नंतर बघते. आधी प्रत्येक सुपरवायझरला समोर उभा करून एकच विचारते, आज कुणाला दिसू नका म्हणून सांगितलंय? पहिल्यांदा सगळे कुणालाच नाही म्हणतात. मी दुसऱ्यांदा विचारते. उत्तर बहुतेक तेव्हाच येतं.